पबजीचे आजोबा: गुण किती, दोष किती?

झाशी म्हटले की मराठी माणसाला राणी लक्ष्मीबाई आठवते, किल्ला आठवतो, आणि १८४२ साली तिचे लग्न जिथे लागले ते गणेश मंदिर आठवते. पण झाशीत चार दिवस राहून आलेल्याला आणखी एक झाशी दिसते. ती लष्कराची झाशी. छावणीचे सरळ रस्ते, सदर बाजार, हिरव्या गाड्यांचे ताफे आणि ललितपूरच्या दिशेने पंचवीस-तीस किलोमीटरवर बबिना. बबिनाच्या विस्तीर्ण माळावर रणगाडे खऱ्या तोफगोळ्यांनी सराव करतात. ‘बाबा रेंजवर गेलेत’ हे वाक्य या गावातल्या कितीतरी घरांत रोजच्या बोलण्यातले आहे.

अशा गावात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कानाला हेडफोन लावून संगणकापुढे बसतो आणि ‘उत्तरेला, तीनशे मीटर, झाडामागे दोघं’ असे पुटपुटू लागतो, तेव्हा आईला धड हसताही येत नाही आणि रागावताही येत नाही. काय खेळतोयस, असे विचारले तर उत्तर ठरलेले: “हा खेळ नाही गं आई, सिम्युलेशन आहे.” म्हणजे खऱ्याची हुबेहूब नक्कल.

मुलाचे म्हणणे अर्धे खरे आहे. लष्करी डावपेचांच्या संगणकीय खेळांत ज्याचे नाव सर्वांत आदराने घेतले जाते, तो ‘आर्मा’ खरोखरच नेहमीच्या ठो-ठो खेळांहून वेगळा आहे. तो वेगळेपणा कुठे आहे आणि कुठे संपतो, हे पालकांना ठाऊक असलेले बरे.

आधी खानदानाची ओळख. हा खेळ चेक प्रजासत्ताकातला. ‘बोहेमिया इंटरॅक्टिव्ह’ या कंपनीने २००१ साली ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’ नावाचा खेळ काढला. त्याच घराण्यात २००६ मध्ये आर्मा, २००९ मध्ये आर्मा २ आणि सप्टेंबर २०१३ मध्ये आर्मा ३ जन्मले. हौशी खेळाडूंना या खेळात स्वतःची भर घालायची मुभा असते. त्या मुभेचा फायदा घेऊन ब्रेंडन ग्रीन नावाच्या एका हौशी माणसाने आर्मा २ वर आधारलेला एक नवा प्रकार रचला. पुष्कळ माणसे एका मैदानात सोडायची आणि शेवटी जो उरेल तो जिंकला. हाच प्रकार पुढे वाढत वाढत २०१७ साली ‘पबजी’ झाला. होय, तोच पबजी! ज्याच्या मोबाइल आवृत्तीवर २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने आणखी ११७ अ‍ॅपसह बंदी घातली, जो २०२१ मध्ये नवे नाव घेऊन परतला, २०२२ मध्ये पुन्हा दुकानांतून काढला गेला आणि २०२३ मध्ये पुन्हा आला. नातवाने घराघरात धुमाकूळ घातला. आजोबा मात्र अजून बऱ्याच मराठी घरांत अनोळखीच आहेत.

नातवाचा आणि आजोबांचा स्वभाव अगदी उलटा. पबजीत वीस-पंचवीस मिनिटांत सारा खेळ आटोपतो. आर्मात कधी कधी पहिली वीस मिनिटे नुसते चालण्यात जातात. हातात नकाशा आणि होकायंत्र. पाठीवर ओझे. ओझे जास्त घेतले तर दम लागतो आणि दम लागला की बंदुकीचा नेम हलतो. म्हणून निघण्यापूर्वीच विचार करावा लागतो: गोळ्या जास्त घ्यायच्या की औषधपेटी? ट्रेकला जाताना सॅक भरणाऱ्याला हा हिशेब लगेच कळेल.

एवढे चालून गेल्यावर कुठून तरी एक गोळी येते आणि खेळ संपतो. कुणी मारले, कुठून मारले, काही कळत नाही. चित्रपटातल्या नायकासारखे दहा गोळ्या झेलून उभे राहणे इथे नाही. नवख्या मुलांना याचाच सर्वांत जास्त राग येतो. जाणते खेळाडू यालाच या खेळाचा मोठा गुण मानतात, आणि ते योग्यच आहे. एका गोळीची किंमत कळली की माणूस धावत सुटत नाही. थांबतो, बघतो, जोडीदाराला विचारतो.

आवाजाचीही गंमत आहे. खऱ्या जगात आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि रायफलची गोळी त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने. ६८० मीटरवरून कुणी गोळी झाडली तर गोळी आधी पोचते आणि बंदुकीचा बार ऐकू यायला दोन सेकंद लागतात. आर्मात हे तसेच्या तसे घडते. लांबच्या लक्ष्यासाठी नेम थोडा वर धरावा लागतो, कारण गोळी वाटेत खाली झुकते. पळणाऱ्यावर नेम धरायचा तर त्याच्या पुढे धरावा लागतो. शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या तासाला जांभया देणारा मुलगा इथे हे सारे विनातक्रार शिकतो!

खेळाचे मैदानही लहानसहान नाही. आर्मा ३ मधले ‘अल्तीस’ हे बेट सुमारे २७० चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबई शहराच्या जवळजवळ चौपट. डोंगर, द्राक्षांचे मळे, मिठागरे, विमानतळ, गावेच्या गावे. कुठल्या टेकडीवरून कुठली वाट दिसते, उन्हे कुणाच्या डोळ्यांवर येतील, नाला कुठे लपवील आणि कुठे उघडे पाडील, हे ज्याला वाचता आले तो टिकला. झाशीच्या मुलांना तर हा धडा गावातच मिळतो. १८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला तेव्हा त्याने तोफांचे मोर्चे दक्षिणेकडच्या उंचवट्यांवर धरले. सपाटीवरून किल्ल्याच्या टेकडीला भिडण्यात अर्थ नाही, हे त्याला ठाऊक होते. राणीनेही वेढ्याआधी आसपासच्या मुलखातला झाडझाडोरा आणि चारा साफ करून टाकला होता. शत्रूला ना आडोसा मिळावा, ना घोड्यांना वैरण.

याच गवतावरून आर्माच्या दोषांकडे वळता येईल.

या खेळात खेळाडू गवतात आडवा होतो. त्याला वाटते, आपण दिसेनासे झालो. पण संगणकाच्या ताकदीलाही मर्यादा असते. दूरच्या माळावरचे गवताचे प्रत्येक पाते रेखाटत बसणे त्याला झेपत नाही. म्हणून ठरावीक अंतरापलीकडे गवत रेखाटलेच जात नाही. परिणाम असा की, आडव्या पडलेल्या गड्याला आपल्या नाकासमोर कमरेइतके गवत दिसते आणि चारशे मीटरवरच्या शत्रूला तोच गडी जवळजवळ बोडक्या जमिनीवर पडलेला दिसतो. यावर खेळाच्या कर्त्यांनी थोडीफार मलमपट्टी केली आहे, पण दुखणे पुरते गेलेले नाही. हुबेहूबपणाच्या नावावर चालणाऱ्या खेळातली ही मोठीच उणीव.

दुसरा दोष संगणकाच्या सैनिकांचा. खरी माणसे जोडीला नसतील तेव्हा संगणकच सोबती आणि शत्रू पुरवतो. हे शत्रू कधी झुडपाआडून, शक्य नाही इतक्या लांबून अचूक टिपतात. कधी शेजारी माणूस पडला तरी ढिम्म उभे राहतात. सोबत्याला गाडी चालवायला दिली तर सरळ रस्ता सोडून तो भिंतीवर नेऊन आदळतो. ‘इकडे ये’ म्हणून सांगण्यासाठी आकड्यांच्या तीन-तीन कळा दाबाव्या लागतात, तेवढ्यात जे व्हायचे ते होऊन जाते. एकूण कळा तर इतक्या की पहिला आठवडा त्या पाठ करण्यातच जातो. चालणे, वाकणे, थोडे अधिक वाकणे, डावीकडे झुकून बघणे, प्रत्येकाला वेगळी कळ! मराठी किंवा हिंदीत काही नाही, सगळे इंग्रजीत. साध्या संगणकावर तो धड चालत नाही. चांगले ग्राफिक्स कार्ड लागते आणि मोठ्या लढाईत तेही अडखळते.

खेळाची खरी चव लागते ती माणसांच्या तुकडीत. जगभरची मंडळी आंतरजालावरून एकत्र येतात, त्यांत कुणी नायक, कुणी वैद्यक सैनिक, कुणी चालक. नायकाने बोलायला सांगितल्याशिवाय कुणी रेडिओवर बोलायचे नाही, अशी शिस्त चांगल्या तुकड्यांत पाळली जाते. घरात स्वतःचे ताट न उचलणारा मुलगा इथे वेळेवर हजर होतो आणि हुकूम ऐकतो, हे पाहून आईवडिलांना नवल वाटते. पण त्यातही खोच आहे. बऱ्याच तुकड्या युरोपातल्या. त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडचे रात्रीचे साडेबारा. एक मोहीम दोन-तीन तास चालते. दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा काही युरोपच्या वेळेवर वाजत नाही. शिवाय कानात बोलणारी माणसे अनोळखी आणि वयाने मोठी असू शकतात. सगळेच शिस्तीचे नसतात, शिवीगाळही चालते. युरोपातल्या वर्गवारीत हा खेळ १६ वर्षांवरच्यांसाठी आहे, तो उगीच नव्हे.

एका गुणाची मात्र पालकांनी जरूर नोंद घ्यावी. या खेळात स्वतःची लढाई रचण्याचे साधन आहे. नकाशावर माणसे मांडायची, कोण कधी कुठून येणार ते ठरवायचे आणि त्यासाठी छोट्या संगणकीय आज्ञा लिहायच्या. खेळण्यापेक्षा रचण्यात रमणारी मुले असतात. त्यांच्यासाठी ही प्रोग्रामिंगची बरी शाळा आहे. पबजीचा जन्म याच मोकळीकीतून झाला, हे वर आलेच आहे.

नकलेने घातलेला घोळ

नक्कल फार चांगली जमली की तिचेच संकट होते. सप्टेंबर २०१२ मध्ये बोहेमिया कंपनीच्या दोन कर्मचाऱ्यांना ग्रीसच्या लेम्नॉस बेटावर अटक झाली. आरोप हेरगिरीचा! लष्करी ठिकाणांची छायाचित्रे घेतली, असे पोलिसांचे म्हणणे. आपण सुट्टीवर आलो होतो, असे त्या दोघांचे म्हणणे. आर्मा ३ मधले बेट याच लेम्नॉसवर बेतलेले होते. दोघांना १२९ दिवस कोठडीत काढावे लागले. जानेवारी २०१३ मध्ये ते जामिनावर सुटले. पुढे खेळातल्या बेटाचे नाव बदलून ‘अल्तीस’ केले गेले.

त्याहून मोठा घोळ वृत्तवाहिन्यांवर झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये अफगाणिस्तानातल्या पंजशीर खोऱ्यात लढाई चालू होती. तेव्हा भारतातल्या काही वाहिन्यांनी पाकिस्तानी विमानाची म्हणून जी दृश्ये दाखवली, ती आर्मा ३ मधली निघाली. युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर अशा फसव्या चित्रफितींचा इतका सुळसुळाट झाला की नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीलाच निवेदन काढून नकली दृश्ये कशी ओळखावीत ते सांगावे लागले. चित्र फार अंधुक आणि हलते असणे, आवाज नसणे, माणसे जवळून न दिसणे, धूर आणि स्फोट जरा कृत्रिम वाटणे, अशा त्या खुणा. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत पुन्हा तेच. संगणकीय खेळातली दृश्ये खऱ्या हल्ल्याची म्हणून मोबाइलवरून फिरली आणि ती खोटी असल्याचे सरकारी पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य-तपासणी विभागाला जाहीर करावे लागले.

ज्या घरातला माणूस सीमेवर आहे त्या घरात अशी चित्रफीत पोचली तर काय होत असेल, हे झाशीसारख्या गावाला सांगायला नको. गंमत अशी की, ती पाहताच “काकू, ही तर आर्मातली आहे” असे ठामपणे सांगू शकणारा घरात एकच असतो. रात्री जागून हा खेळ खेळणारा मुलगा! या बाबतीत त्याच्या शब्दाला मान द्यायला हरकत नाही.

घरात कुणीच नाही

आता त्या अर्ध्या खऱ्या उत्तराचा उरलेला अर्धा भाग.

६ ऑक्टोबर २०२२ रोजी बबिनाच्या माळावर नेहमीचा सराव चालू होता. टी-९० रणगाड्यातून गोळा डागताना त्याची नळी फुटली. आत तिघे होते. कमांडर आणि गनर भाजल्याने दगावले, चालक वाचला. समोर शत्रू नव्हता, लढाई नव्हती, चूक कुणा सोबत्याचीही नव्हती. आर्मात रणगाडे आहेत, ते पेटतात, आतली माणसे मरतात. पण मेलेला खेळाडू थोड्या वेळाने नकाशावर दुसरीकडे पुन्हा उभा राहतो. दमापासून आवाजापर्यंत सारे मोजूनमापून बसवणाऱ्या खेळाला ही एक गोष्ट बसवता येत नाही. बसवली तर तो कुणी खेळणारच नाही.

आणखी एक उणीव आहे, आणि ती कर्त्यांना टाळता आली असती. अल्तीसच्या गावांतल्या बहुतेक घरांत शिरता येते. जिने चढता येतात, खिडकीतून नेम धरता येतो. पण घरे आतून रिकामी. चूल नाही, खाट नाही, दोरीवर वाळत घातलेले कपडे नाहीत. मुख्य म्हणजे माणसे नाहीत. घर म्हणजे फक्त गोळीला अडवणारी भिंत.

लढाईच्या वेळी गावातल्या घरांत काय असते, याची मराठीतली एक जुनी आणि जिवंत हकीगत झाशीचीच आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे भिक्षुकीसाठी काकांबरोबर उत्तरेत गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. वेढ्याच्या दिवसांत ते झाशीतच होते. त्यांनी पुढे लिहून काढलेला ‘माझा प्रवास’ १९०७ साली पुस्तकरूपाने आला. गोडसे भटजी काही शिपाई नव्हते. तोफांचे गोळे शहरात पडू लागले की जीव मुठीत धरून बसणारे ते एक सामान्य गृहस्थ. ३ एप्रिल १८५८ रोजी इंग्रजी फौज तट चढून शहरात घुसली. त्यानंतरची कत्तल आणि लूट त्यांनी लपून बसलेल्या घरातून पाहिली. आधी सोनेनाणे गेले, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड आणि धान्य. लुटीचाही क्रम लागला होता. सेनापतींच्या वृत्तांतात तोफा किती, भगदाड कुठे पडले, शिड्या कुठे लावल्या हे सगळे आहे. कोठीतले धान्य गेल्यावर घरातली माणसे काय खात होती, हे गोडसे भटजींसारखा माणूसच सांगतो.

या बाजूचा विचार आर्माच्या कर्त्यांनी उशिरा का होईना केला, हे त्यांच्या श्रेयावर लिहायला हवे. संगणकीय खेळांत युद्धाचे नियमही दिसावेत, असा आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीचा आग्रह होता. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘लॉज ऑफ वॉर’, म्हणजे युद्धाचे नियम, या नावाची पुरवणी निघाली. तिच्यात खेळाडू शिपाई नसतो. लढाई संपून गेलेल्या ओरेओकास्त्रो नावाच्या उद्ध्वस्त गावात तो मदतसंस्थेचा माणूस म्हणून येतो. काम एकच, जमिनीत पेरून ठेवलेले सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब शोधून निकामी करणे. एकीकडे एका महिला पत्रकाराशी त्याचे बोलणे चालू असते. प्रत्येक प्रश्नासरशी गावाचा भूतकाळ उलगडतो. कधी गावकऱ्याच्या, कधी बंडखोराच्या, कधी सैनिकाच्या नजरेतून. इथे पहिल्यांदा कळते की त्या घरांत कुणीतरी राहत होते. पुरवणीच्या पहिल्या वर्षीच्या निव्वळ उत्पन्नातला अर्धा वाटा, पावणेदोन लाख डॉलरच्या आसपास रक्कम, कंपनीने रेडक्रॉस समितीला दिली.

खेळ म्हणून ही पुरवणी संथ आहे. बंदूक चालवायला चटावलेली मुले दहा मिनिटांत कंटाळतात. पण मुलाला आर्मा घेऊन द्यायचाच असेल तर पालकांनी शेजारी खुर्ची ओढून सुरुवात इथून करावी. दोन-तीन संध्याकाळींत ती संपते. पुढची मोहीम शनिवारी, तीही दिवसाउजेडी, एवढे ठरवून घेतले म्हणजे झोपेचेही भागते.

मात्र विकत घेताना एक पाहावे. ही पुरवणी मूळ खेळाबरोबर येत नाही. ती वेगळी मागून घ्यावी लागते.